आधी पाणी, मग ठसा

छपाई शिकायला आलेल्या माणसाचा हात आधी ठशाकडे जातो. साहजिकच आहे ते. सागवानात कोरलेली कैरी किंवा जाळी हाती आली की ती ताबडतोब कुठेतरी उमटवून बघावीशी वाटते. मुलुंडमध्ये आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर घोंगडी आणि जुन्या चादरी अंथरून हे काम चालतं, आणि नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी ठशाऐवजी पातेलं मिळतं. पातेल्यात मांजरपाट, धुण्याचा सोडा आणि उकळतं पाणी. काहींचा त्यामुळे हिरमोड होतो. तरीही या पुस्तकाचा क्रम मी तोच ठेवला आहे. पहिली तीन प्रकरणं धुण्याची, भिजवण्याची आणि वाळवण्याची आहेत. ठसा येतो तो चौथ्या प्रकरणात. असं का, हे सांगायला ही प्रस्तावना.

कोरं सुती कापड दिसायला स्वच्छ असतं, पण ताण्याला विणण्याआधी खळ दिलेली असते, कापसाचं स्वतःचं मेण धाग्यात असतं आणि विक्रीला पाठवताना त्याला कडकपणा आणायला आणखी काही लावलेलं असतं. अशा कापडावर मारलेला ठसा टेबलावर देखणा दिसतो आणि दोन-तीन धुण्यांत उतरतो, कारण रंग धाग्यापर्यंत पोचलेलाच नसतो. ठसा ओळीत मारायला हात सरावाने शिकतो. कापडाची तयारी मात्र नुसत्या सरावाने कळत नाही, ती कुणीतरी सांगावी लागते. आणि ज्यांनी ती पिढ्यानपिढ्या सांभाळली, त्यांच्या कामाचा मोठा भाग पाण्याकाठी झाला आहे.

मुलुंडमध्ये बसून हा विषय काढला की कच्छ टाळता येत नाही. पश्चिमेला पाच रस्त्याच्या आसपास दुकानांत मराठीइतकीच कच्छी आणि गुजराती कानावर पडते. या घरांमध्ये अजरख, म्हणजे कच्छचं ठशांनी छापलेलं कापड, पूर्वापार वापरात होता, असं मात्र समजू नये. अजरख हे बन्नीच्या गवताळ मुलखात गुरं राखणाऱ्या मालधारी पुरुषांचं कापड: कमरेला लुंगी, डोक्याला पागोटं, खांद्यावर उपरणं. व्यापारी घरांत आणि आपल्या मराठी घरांत तो आला तो अलीकडे, ओढणी आणि साडी होऊन. तो छापणारे खत्री मूळचे सिंधमधले. कच्छच्या रावांच्या आश्रयाने १६व्या शतकात ते धमडका गावी वसले, आणि ती जागा त्यांनी धरली ती नदीच्या वाहत्या पाण्यासाठी. अजरखाला चौदा-सोळा पायऱ्या असतात आणि त्यातल्या कितीतरी धुण्याच्याच आहेत. कापड भिजवा, आपटा, धुवा, वाळवा, छापा, पुन्हा धुवा.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नदी आटत गेली. मग २६ जानेवारी २००१चा भूकंप झाला. घरं तर पडलीच, पण त्याहून खोल इजा जमिनीखाली झाली. विहिरींचं पाणी खाली गेलं आणि त्यात लोहाचं प्रमाण वाढलं. लोह असलेल्या पाण्यात मंजिष्ठेचा लाल मळकट होतो, सगळं काम काळवंडतं. तेव्हा खत्रींच्या बऱ्याच कुटुंबांनी चांगलं पाणी शोधत भुजजवळ नवीन गाव वसवलं आणि त्याचं नाव ठेवलं अजरखपूर. धमडक्यातही काम चालू राहिलं, आजही चालतं. पण कारागिरांनी पाण्यासाठी गाव हलवलं, ही गोष्ट मी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. याच खत्रींमधल्या मोहम्मद सिद्दीक खत्रींनी त्याआधी, १९७०च्या दशकात, सगळा बाजार रासायनिक रंगांकडे वळलेला असताना, वनस्पतींच्या रंगांची पद्धत पुन्हा उभी केली. त्यांचे मुलगे अब्दुलरझाक, इस्माईल आणि अब्दुलजब्बार यांनी ती पुढे नेली. इस्माईलभाईंना इंग्लंडमधल्या डी माँटफर्ट विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. २०२४ साली कच्छच्या अजरखाला भौगोलिक मानांकन मिळालं.

पाण्याच्या बाबतीत मुलुंडकर सुदैवी आहेत. तानसा, वैतरणा, भातसा या जलाशयांचं पाणी आपल्याला मिळतं. त्यातलं बरंचसं शेजारच्या भांडुप संकुलात शुद्ध होतं, आणि तानसाच्या जाड जलवाहिन्या तर मुलुंडच्या अंगावरूनच शहराकडे जातात. हे पावसाचं पाणी, सह्याद्रीच्या काळ्या खडकावरून वाहत आलेलं, त्यामुळे मऊ. कापड त्यात छान निघतं. एकच अडचण आहे. मंजिष्ठेचा लाल पुरता खुलायला पाण्यात थोडा चुना असावा लागतो. मऊ पाण्यात तो विटकरी-केशरीकडे झुकतो. त्यासाठी रंगाच्या पातेल्यात चिमूटभर शुद्ध खडूची पूड घालायची, एवढंच. खरा धोका दुसऱ्या नळाचा आहे. कित्येक सोसायट्यांत वापरायच्या पाण्यासाठी बोअरिंग असतं, आणि कुठल्या नळाला कुठलं पाणी येतं हे घरातल्यांनाही नेमकं ठाऊक नसतं. परीक्षा सोपी आहे. पेलाभर पाण्यात अर्धा चमचा हिरड्याची पूड ढवळून थोडा वेळ ठेवायची. पाणी पिवळसर राहिलं तर उत्तम. करडं किंवा निळसर काळं झालं तर त्यात लोह आहे, त्या नळाकडे पुन्हा जायचं नाही.

हिरडा हे या सगळ्या विद्येचं मूळ आहे, आणि तो आपल्या दारातला आहे. जुन्नर, आंबेगाव, भीमाशंकरच्या डोंगरांत महादेव कोळी समाजाची माणसं पिढ्यानपिढ्या हिरडा गोळा करत आली आहेत. आपल्याला तो औषध म्हणून माहीत असतो. छपाईत तो पहिला थर आहे. धुतलेलं कापड हिरड्याच्या पाण्यात भिजवून उन्हात वाळवलं की फिकट पिवळं होतं. हिरड्यातला तुरट अंश सुताला घट्ट चिकटतो आणि पुढे धातूला धरून ठेवतो. कापूस स्वतः वनस्पतींचे बहुतेक रंग धरत नाही. लोकर आणि रेशीम धरतात, कापूस नाही. म्हणून मध्ये धातू लागतो, आणि धातू टिकायला हिरडा.

धातू दोनच: तुरटीतलं ॲल्युमिनियम आणि लोखंड. तुरटी म्हणजे पावसाळ्यात गढूळ पाण्यात फिरवतात तीच. ती विरघळवून डिंकाने घट्ट करायची आणि ठशाने छापायची. छापलेलं जवळजवळ दिसतच नाही, म्हणून छापणारे त्यात कणभर कच्चा रंग मिसळतात. लोखंडाचं काम जास्त मजेचं आहे. गंजकं भंगार, गूळ आणि पाणी पिंपात घालून ते काही आठवडे आंबवायचं, वर फेस येतो, आंबट वास सुटतो, मग ते पाणी गाळून चिंचोक्याच्या पुडीबरोबर शिजवून खळीसारखं करायचं. हिरडा दिलेल्या कापडावर हा ठसा पडला की बघता बघता काळा होतो. लोखंडी कढईत आवळे शिजवले की ते काळे पडतात, तीच ही क्रिया. मग सगळं कापड मंजिष्ठेच्या उकळत्या पाण्यात जातं. तुरटी होती तिथे लाल, लोखंड होतं तिथे पक्कं काळं, आणि जिथे काहीच नव्हतं तिथला रंग धुऊन, उन्हात टाकून निघून जातो. म्हणजे ठशातून कापडावर जातो तो रंग नव्हे, रंगाला धरणारं द्रव्य. हे पहिल्यांदा पातेल्यात घडताना पाहिलं की माणूस छपाईकडे कायमचा वेगळ्या नजरेने बघू लागतो. मला अजूनही त्या क्षणाची ओढ वाटते.

आपल्याकडे ही कला होती का, असं मराठी माणसं मला पुन्हा पुन्हा विचारतात. प्रश्नात थोडी खंत असते. छापील कापड म्हटलं की राजस्थान आणि गुजरात आठवतात, महाराष्ट्र आठवतो तो पैठणीसाठी, खणासाठी, विणकामासाठी. पण राजस्थानात बगरू-सांगानेरच्या छापकाऱ्यांना त्यांची जात विचारा. त्यांतले हिंदू कारागीर स्वतःला नामदेव छीपा म्हणवतात. ते नामदेव म्हणजे आपलेच नरसी-पंढरपूरचे संत नामदेव (१२७०–१३५०), ज्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. आपण त्यांना शिंपी म्हणून ओळखतो. त्या पदांमध्ये ते आपला जन्म छीप्याच्या घरचा असल्याचं सांगतात. कापड शिवणं, रंगवणं आणि छापणं ही कामं तेव्हा आजच्याइतकी वेगवेगळ्या घरांत वाटलेली नव्हती, असा मी त्याचा अर्थ लावतो. पंजाबातल्या घुमानला २०१५ साली मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा नामदेवांच्या पदांवर बरंच बोललं गेलं. त्यांच्या नावाने आजही ठसा उचलणाऱ्या हातांबद्दल आणखी बोलायला हवं होतं, असं मला वाटतं.

महाराष्ट्रात भावसार समाजाकडे रंगाई आणि छपाई होती. रंगारी हे आडनाव आपल्या आजूबाजूला आहेच. आणि खानदेशाच्या माथ्यावर, तापीच्या काठी, बऱ्हाणपूर होतं. सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये तिथून गेला. तिथल्या तलम सुती कापडाची, त्यावरच्या रंगीत फुलांची आणि ते माल म्हणून इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, पार कैरोपर्यंत जात असल्याची नोंद त्याने करून ठेवली आहे. हा व्यापार त्याच्याही कितीतरी आधीचा. कैरोजवळच्या फुस्तातच्या उकिरड्यांतून गुजरातेत छापलेल्या सुती कापडाचे तुकडे निघाले. ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात असे बाराशेच्या आसपास तुकडे आहेत. वाळवंटाच्या कोरड्या हवेत ते टिकले. आपल्या दमट हवेत तितकं जुनं सूत टिकत नाही, म्हणून आपला वारसा आपल्याला परदेशी संग्रहालयांत बघावा लागतो.

पुढची गोष्ट थोडक्यात. १८६८ साली जर्मनीत मंजिष्ठेतलं रंगद्रव्य प्रयोगशाळेत तयार झालं, १८९७ साली कृत्रिम नीळ बाजारात आली, आणि लाल रंग देणारे आल आणि मंजिष्ठ, तसंच नीळ यांची शेती हळूहळू संपली. गिरण्यांचं छापील कापड स्वस्त झालं. छापकारी टिकली ती जिथे गिऱ्हाईक आपल्या जातीची, गावाची ठरावीक नक्षी मागत राहिलं तिथेच.

रासायनिक रंगांना मी वर्ज्य मानत नाही. मुंबईच्या उपनगरांत कापडरंगाई घरोघरी पोचली ती फेविक्रिलसारख्या बाटलीबंद रंगांमुळे आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या हॉबी क्लासमुळे. लहान मुलांच्या हाती हेच रंग द्यावेत. ते रंगकणांना बांधून ठेवणाऱ्या चिकट द्रव्यासह येतात, वाळल्यावर उलट्या बाजूने इस्त्री फिरवली की बसतात. मात्र ते धाग्याच्या वर बसतात, आत शिरत नाहीत. हात फिरवला की कळतं.

आता ठशाकडे वळू. चांगले ठसे आजही गुजरातेत गांधीनगरजवळच्या पेथापूरला कोरले जातात. सागवानाचा ठोकळा घासून सपाट करतात, त्यावर पांढरा लेप देतात, नक्षी उतरवतात आणि सुताराच्या सामत्याने भोकं पाडत पाडत छिन्नीने बारीक काम करतात. आरपार भोकं ठेवतात ती अडकलेली हवा निघून जावी म्हणून, नाहीतर मध्ये रंग उठत नाही. मग ठसा तेलात मुरवतात. एका नक्षीला एक ठसा पुरत नाही. बाह्यरेषेचा वेगळा, भरावाचा वेगळा, पार्श्वभूमीचा वेगळा. राजस्थानात त्यांना रेख, दत्ता आणि गद म्हणतात. कोरणारा आणि छापणारा हे वेगवेगळे कारागीर असतात, आणि एक दुसऱ्याचं काम सहसा करत नाही. म्हणून शिकणाऱ्याने पहिल्या वर्षी लाकूड कोरण्याच्या फंदात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. खोडरबर कोरा, भेंडी कापा, बटाटा कापा.

भेंडी-बटाट्याला हसू नका. महाराष्ट्रातल्या शाळांमधून गेलेल्या प्रत्येकाने ठसेकाम केलेलं आहे, आणि ज्यांनी एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या त्यांनी संकल्पचित्राच्या कागदावर एक आकार चौकटीत पुन्हा पुन्हा बसवण्याचा व्यायामही केला आहे. छपाईचं अर्धं डोकं तेच आहे. फूल किती सुंदर आहे याला फारसं महत्त्व नसतं. चार फुलं शेजारी शेजारी आल्यावर मधल्या रिकाम्या जागेत कुठला आकार तयार होतो, यावर कापड ठरतं. ओळी सरळ लावल्या तर एक कापड होतं. दुसरी ओळ अर्ध्या ठशाने सरकवली तर त्याच ठशातून वेगळंच कापड होतं. काठाचा ठसा कोपऱ्यात कसा वळवायचा, हा तर स्वतंत्र अभ्यास आहे, त्याला या पुस्तकात पूर्ण प्रकरण दिलं आहे. ज्यांना हे दुय्यम काम वाटतं त्यांनी प्रभाकर बरवे आठवावेत. ‘कोरा कॅनव्हास’ लिहिणारा हा चित्रकार १९६१पासून जवळजवळ दोन दशकं विणकर सेवा केंद्रात, आधी वाराणसीला आणि मग मुंबईत, कापडासाठी नक्षी करण्याच्या नोकरीत होता. त्याच्या चित्रांतल्या वस्तू एकमेकींपासून ज्या नेमक्या अंतरावर उभ्या असतात, ते अंतर बघताना मला कापड आठवतं.

या पुस्तकातला कागदावरच्या छपाईचा भाग मी पावसाळ्यासाठी लिहिला आहे. मुलुंडला डोंगर खेटून असल्यामुळे जून ते सप्टेंबर हिरड्याचं कापड वाळता वाळत नाही, त्यावर बुरशी धरते, आणि ओलसर सुतावर ठशाची कड फुटते. या कामाला ऊन लागतंच, ते सजावटीचा भाग नाही. म्हणून कापडाचं काम दिवाळीनंतर सुरू करून मे महिन्यात आवरावं, आणि पावसात पंख्याखाली कागद छापावा. कागद धुता येत नाही, त्यामुळे तिथे सुधारणेला वाव नाही, आणि नेमका म्हणूनच तो चांगला गुरू आहे. हाताचा दाब कमी-जास्त झाला की कागद लगेच सांगतो. कापड बरंच पोटात घालतं. हातकागद घ्यावा. महाराष्ट्रात त्याची परंपरा जुनी आहे: जुन्नर, दौलताबादजवळचं कागजीपुरा, आणि अलीकडच्या काळातली १९४०ची पुण्याची हातकागद संस्था. जुने कागद बनवणारे कारागीर कागदाला खळ देऊन गुळगुळीत दगडाने घोटत, कारण लेखणी अडखळू नये. ठशाला इतका घोटलेला कागद नको. किंचित खरखरीत, पण खळ दिलेला हवा, नाहीतर रंग पसरतो. कागदाखाली जाड लोकरी कापडाचा एकच थर पुरतो. कापडाच्या टेबलावरची गादी इथे वापरली तर ठसा आत रुततो आणि कागद फाटतो.

काही महिने हे केल्यावर एक फरक जाणवेल. बाजारात ‘हँडब्लॉक’ म्हणून विकलं जाणारं कापड हातात घेतलं की डोळे आपोआप सांधा शोधू लागतील. हाताने छापलेल्या कापडात एका ठशाची कड दुसऱ्याला जिथे भिडते तिथे कुठे केसभर फट असते, कुठे रंग केसभर दाट. स्क्रीनने छापलेल्या नकलेत तो सांधा दिसत नाही, किंवा ठरावीक अंतरावर नेमकी तीच चूक पुन्हा येते. उलटी बाजू बघाल. खऱ्या अजरखाचा काही माल दोन्ही अंगांनी छापलेला असतो, नक्षीवर नक्षी बसवून, आणि ते किती अवघड आहे हे स्वतः एक रुमाल छापल्याशिवाय समजत नाही. मग प्रदर्शनात कारागिराशी घासाघीस करताना जीभ अडेल. अडलीच पाहिजे. हे पुस्तक वाचून कुणी छापकार होईल अशी माझी अपेक्षा नाही. त्याला जन्म जातो. पण पदरचे पैसे खर्चून खरं कापड ओळखून घेणारी पन्नास माणसं मुलुंडात तयार झाली, तर पेथापूरच्या आणि अजरखपूरच्या माणसांना त्याचा उपयोग आहे.

शेवटचं, वापरून झालेल्या पाण्याबद्दल. आपल्या मोरीतून गेलेलं पाणी अखेर पूर्वेला ठाणे खाडीच्या वाटेला लागतं. त्या खाडीत रोहित पक्ष्यांसाठी २०१५ साली अभयारण्य झालं, आणि २०२२ साली ती पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. हिरड्याचं आणि तुरटीचं पाणी सौम्य असतं. तेही एकदा वापरून न ओतता पुढच्या कापडाला वापरावं, आणि टाकायचंच झालं तर भरपूर पाण्यात पातळ करून टाकावं. रंगाच्या जुन्या पुस्तकांत मात्र हिरवट छटेसाठी मोरचूद आणि पिवळा खुलवण्यासाठी क्रोमियमचं पोटॅशियम डायक्रोमेट सांगितलेलं असतं. रंग त्यांनी सुरेख येतात, यात शंका नाही. मोरचूद पाण्यातल्या जिवांना मारतं आणि डायक्रोमेट माणसालाही घातक आहे. फ्लॅटच्या स्वयंपाकघरात, जिथे तेच पातेलं चुकून पुन्हा ओट्यावर येऊ शकतं, तिथे त्यांना जागा नाही. म्हणून त्यांच्या कृती मी या पुस्तकातून गाळल्या आहेत, आणि रंगासाठी वापरायची भांडी, चमचे, गाळणी पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवायला सांगितलं आहे.